लेखाशास्त्राच्या अध्यापनात कार्यरत व्यावसायिकांना कसे सहभागी करावे

वाणिज्य महाविद्यालयांत बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावण्याची प्रथा जुनी आहे आणि तिचे स्वरूपही ठरून गेले आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा लांबलचक परिचय, मग करिअरच्या संधींवर पाऊण तास भाषण, आभारप्रदर्शन आणि ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेच्या फाइलसाठी छायाचित्रांसह अहवाल. त्यात गैर काही नाही, पण त्याला अध्यापन म्हणता येणार नाही. पाहुणे गेल्यावर विद्यार्थ्याला बँक ताळमेळ पत्रक (आपल्या पुस्तकातील आणि बँकेच्या विवरणपत्रातील शिल्लक जुळवणारा तक्ता) आदल्या दिवशीपेक्षा अधिक चांगले समजलेले नसते. या लेखात विचार केला आहे तो वेगळ्या व्यवस्थेचा: रोज हिशेब लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या किंवा विवरणपत्रे भरणाऱ्या माणसाकडे अभ्यासक्रमाचा एक ठरावीक तुकडा सोपवायचा, त्या तुकड्यावर परीक्षेत गुण ठेवायचे आणि विषयाचा नियमित प्राध्यापक शेवटपर्यंत वर्गात बसेल असे पाहायचे.

मुंबईत ही कल्पना नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत असतानाच १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा अर्धवेळ शिकवत होते. व्यवसाय सांभाळून शिकवणारा माणूस ही त्या काळी सरळ व्यवस्था होती. पुढे विद्यापीठीय पात्रता, नेमणुका आणि कार्यभार यांचे नियम पक्के होत गेले, तसा असा माणूस वर्गातून सभागृहाच्या व्यासपीठावर गेला. त्याला पुन्हा वर्गात आणताना सुरुवात माणसापासून करू नये, विषयापासून करावी.

कोणता भाग सोपवावा

द्विनोंदी पद्धतीची मूलतत्त्वे, नावे-जमेचे नियम, कीर्दीवरून खतावणी आणि तेरीज हा भाग बाहेरच्या व्यावसायिकाकडे देऊ नये. तो सावकाश, पुन्हापुन्हा आणि विद्यार्थ्याच्या चुका ओळखून शिकवावा लागतो, आणि वीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या माणसाला आपण हे कधी शिकलो होतो याचाच विसर पडलेला असतो. लेखांकन मानकांचा मजकूर वाचून दाखवण्यासाठीही त्याची गरज नाही. त्याच्याकडे असा भाग द्यावा, जिथे पाठ्यपुस्तकातील उदाहरण सोडवून झाल्यावरही खरा कागद समोर आला की विद्यार्थी अडखळतो. लेखापरीक्षण, वस्तू व सेवा कर (जीएसटी), परिव्यय लेखांकन (उत्पादन खर्चाचा हिशेब), बँक कर्जासाठीचे अंदाजपत्रक आणि सहकारी संस्थांचे हिशेब हे असे भाग आहेत.

बँक ताळमेळाचेच पाहू. पुस्तकात फरकाची ठरावीक कारणे असतात: धनादेश वटला नाही, बँकेने शुल्क कापले, ग्राहकाने परस्पर रक्कम भरली. आता एका दुकानदाराचा प्रसंग घ्या. त्याने क्रेडिट कार्डावर करासह ५०,००० रुपयांची विक्री केली आणि दोन दिवसांनी बँकेत ४९,११५ रुपये जमा झाले. समजा, कार्डयंत्राचे कमिशन दीड टक्का, म्हणजे ७५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३५ रुपये. हिशेब लिहिणाऱ्या नवख्या मुलाने बँक विवरणपत्र पाहून ४९,११५ हीच विक्री लिहिली. बँकेचे खाते तंतोतंत जुळले, ताळमेळ पत्रकात फरक शून्य आला, आणि तरीही हिशेब चुकला, कारण विक्री कमी दिसली, कमिशनचा खर्च नोंदलाच गेला नाही आणि १३५ रुपयांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, हातचे गेले. वर्षभर रोज असे घडले, तर पुस्तकातील विक्री आणि जीएसटी विवरणपत्रातील विक्री यांत किती अंतर पडेल, हा प्रश्न वर्गात विचारायला तो हिशेब स्वतः निस्तरलेला माणूस हवा. ताळमेळ जुळणे आणि हिशेब बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या तोंडून ऐकले की विद्यार्थ्याला पटते.

दोन श्रेयांकांच्या विषयाला तीस तास असतात. त्यांपैकी आठ ते दहा तास व्यावसायिकाचे असावेत. त्याहून कमी दिले तर ते भाषण होते, आणि जास्त दिले तर त्याच्या कामाच्या व्यापात निम्मे तास रद्द होतात, असे बहुतेक ठिकाणी दिसते. नियम बदलले की हे तास सर्वाधिक उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिली नाहीत तर त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत लांबते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीने विविध धनकोंच्या, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्या, यादीकडे पाहण्याची व्यापाऱ्यांची दृष्टीच बदलली. पाठ्यपुस्तकाची आवृत्ती यायला वेळ लागतो, पण करसल्लागाराकडे त्याच मार्चमध्ये पन्नास अशिलांचे फोन आलेले असतात.

कोणाला विचारावे

महाविद्यालयाची नजर पहिल्यांदा शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या सनदी लेखापालाकडे (सीए) जाते. बहुधा तीच निवड चुकते, कारण त्याच्या कार्यालयात व्हाउचर तपासण्याचे काम आता इतर लोक करतात. पाच ते बारा वर्षांचा अनुभव असलेला, अजून स्वतः फाइल उघडणारा माणूस वर्गासाठी अधिक उपयोगी असतो. सीएखेरीज परिव्यय लेखापाल, जीएसटी प्रॅक्टिशनर, पतसंस्थेचे अंतर्गत लेखापरीक्षक, नागरी सहकारी बँकेचे कर्ज विभागातील अधिकारी आणि औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे मुख्य लेखापाल यांचाही विचार करावा. माजी विद्यार्थ्यांची यादी सर्वांत आधी चाळावी. आपल्याच बाकावर बसून गेलेला माणूस नाही म्हणत नाही, आणि समोरच्या मुलांना काय येत असेल याचा त्याला अंदाज असतो.

आपल्या गावचा उद्योग कोणता, हेही पाहावे. कोल्हापूर, सांगली किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयाने प्रक्रिया परिव्यय शिकवताना काल्पनिक ‘प्रक्रिया अ’ आणि ‘प्रक्रिया ब’ घेऊन बसण्याचे कारण नाही. शंभर टन ऊस गाळला की साधारण दहा-अकरा टन साखर, सुमारे अठ्ठावीस ते तीस टन बगॅस (उसाचे चिपाड) आणि चारेक टन मळी निघते. बगॅस बॉयलरमध्ये जाळून वीज तयार होते आणि मळीपासून आसवनीत अल्कोहोल व इथेनॉल होते. मग उसाच्या किमतीचा किती भाग साखरेवर टाकायचा आणि बगॅस स्वतःच्याच बॉयलरमध्ये गेले तर त्याचे मूल्य कोणत्या दराने धरायचे? साखर कारखान्याच्या परिव्यय विभागातला माणूस हे प्रश्न दर हंगामात सोडवतो आणि त्याची उत्तरे संचालक मंडळापुढे मांडतो. संयुक्त उत्पादन आणि उपउत्पादन यांतील फरक त्याच्याकडून दोन तासांत जेवढा कळेल, तेवढा व्याख्या पाठ करून कळणार नाही.

नकार कोणाला द्यावा हेही ठरवून ठेवावे. स्वतःच्या खासगी क्लासची जाहिरात करण्यासाठी येणारे आणि कमी विद्यावेतनावर आर्टिकलशिपसाठी (सीएच्या हाताखालील उमेदवारी) मुले शोधणारे असे दोन प्रकारचे लोक उत्साहाने होकार देतात. त्यांना पहिल्या भेटीतच स्पष्ट शब्दांत सांगावे की, वर्गात क्लासचे पत्रक वाटले जाणार नाही आणि विद्यार्थ्यांचे संपर्क क्रमांक दिले जाणार नाहीत. तरीही यायला तयार असतील, तर जरूर यावे.

वेळापत्रक

बहुतेक उपक्रम फसतात ते इथेच. महाविद्यालयाचे वेळापत्रक जूनमध्ये तयार होते आणि व्यावसायिकाचे वेळापत्रक कायद्याने ठरलेले असते. महिन्याच्या ७ तारखेला उद्गमकर (टीडीएस) भरायचा असतो, मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचा गोषवारा) असते. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने करलेखापरीक्षण, कंपन्यांच्या वार्षिक सभा आणि प्राप्तिकर विवरणपत्रे यांत जातात. डिसेंबरअखेर जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र असते आणि एप्रिलमध्ये बँकांचे वैधानिक लेखापरीक्षण चालते. विषम सत्रात, ऐन सप्टेंबरमध्ये सीएला आठ तासांसाठी बोलावणारा विभागप्रमुख शिष्टाचारापोटी होकार मिळवतो आणि आदल्या रात्री ‘सर, उद्या जमणार नाही’ असा निरोपही मिळवतो.

म्हणून प्रत्यक्ष कामाशी निगडित विषय शक्यतो सम सत्रात ठेवावेत आणि व्यावसायिकाचे तास जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत घ्यावेत. त्यातही महिन्याच्या २१ ते ३० या तारखा सर्वांत सुरक्षित. मुंबई-पुण्यातील अनेक वाणिज्य महाविद्यालयांचे वर्ग सकाळी लवकर भरतात, हा मोठा फायदा आहे, कारण साडेसात ते नऊ हा वेळ देऊन माणूस दहापर्यंत स्वतःच्या कार्यालयात पोहोचू शकतो. पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासिकेसाठी कोणालाही बोलावू नये. सलग दोन तासिका जोडून नव्वद मिनिटे द्यावीत. मधल्या आठवड्यात एखादा वर्ग ऑनलाइन घेतला तर चालतो, पण पहिला आणि शेवटचा प्रत्यक्षच असावा.

खरे कागद, पण कोणाचे तेही कळू नये असे

व्यावसायिकाला बोलावण्याचे मुख्य कारण त्याच्याकडची कागदपत्रे, आणि सर्वाधिक काळजीही तिथेच घ्यावी लागते. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ नुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते. त्यामुळे एखाद्या सीएने कागद द्यायला कां-कूं केली तर त्याला आडमुठेपणा समजू नये. माहिती झाकण्याचे काम महाविद्यालयाने अंगावर घेऊ नये, ते व्यावसायिकाच्या कार्यालयातच व्हावे, म्हणजे मूळ कागद बाहेर पडतच नाही. मात्र नेमके काय झाकायचे याची सूचना आपण लेखी द्यावी.

केवळ नाव खोडणे पुरेसे नसते. जीएसटी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०, पण त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅन असतो. त्यामुळे पॅन काळा करून जीएसटी क्रमांक तसाच ठेवला तर काहीच झाकले जात नाही. बँक विवरणपत्रातील यूपीआयच्या नोंदींत तपशिलाच्या रकान्यात मोबाइल क्रमांक आणि माणसांची नावे असतात, तीही काढावी लागतात. रकमा बदलण्याचा सोपा उपाय म्हणजे सर्व आकड्यांना एकाच गुणकाने, समजा ०.७३ ने, गुणणे. गुणोत्तरे, टक्केवारी आणि कराचे प्रमाण तसेच राहते आणि मूळ उलाढाल ओळखता येत नाही. गुणक फक्त व्यावसायिकाला माहीत असावा. सूचिबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल जाहीरच असतात, तेव्हा वित्तीय विवरणांच्या विश्लेषणासाठी तेच घ्यावेत.

वर्ग कसा चालावा

नव्वद मिनिटांपैकी व्यावसायिकाने सलग बोलण्याचा वेळ वीस मिनिटांपेक्षा जास्त नसावा. सुरुवातीला कागद विद्यार्थ्यांच्या हातात पडावा, चार-चारांच्या गटांनी अर्धा-पाऊण तास त्यावर काम करावे, मग चर्चा व्हावी आणि शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने स्वतंत्रपणे अर्धे पान लिहून द्यावे. हे अर्धे पान फार महत्त्वाचे आहे, कारण गटातील हुशार मुलाच्या पाठीमागे उरलेले तिघे कसे लपतात हे कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको.

लेखापरीक्षणाच्या वर्गासाठी एक नमुना देतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे, हा नियम कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून लागू आहे. त्या नोंदींचे एक पान पडद्यावर दाखवावे. ३१ मार्चच्या तारखेचे विक्रीचे व्हाउचर २ एप्रिलला लिहिले गेले, रक्कम ४,२०,०००. तेच व्हाउचर १४ जूनला बदलले गेले, रक्कम २,४०,०००. विद्यार्थ्यांना विचारावे की, काय झाले असेल. चांगला अभ्यास केलेला गट लगेच सांगतो की फरक १,८०,००० आहे, त्याला नऊने नि:शेष भाग जातो, म्हणजे ही अंकांची अदलाबदल आहे, चूक दुरुस्त केली. उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. आता लेखापरीक्षकाने एवढेच विचारावे: एप्रिलच्या ११ तारखेपर्यंत भरलेल्या मार्चच्या जीएसटीआर-१ मध्ये कोणती रक्कम आहे? बिलाची प्रत काय सांगते? मालवाहतुकीसाठीचे ई-वे बिल कितीचे होते? ग्राहकाने किती पैसे दिले? तिन्ही कागदांवर ४,२०,००० असेल आणि ग्राहकाचे पैसेही तेवढेच आले असतील, तर जूनमधली ‘दुरुस्ती’ ही दुरुस्ती नाही, आणि ती कोणाच्या लॉगिनवरून झाली हा पुढचा प्रश्न आहे. पुरावा म्हणजे काय, हे इथे व्याख्येशिवाय कळते.

या वेळी नियमित प्राध्यापक वर्गात असलाच पाहिजे. पाहुणा आला म्हणून स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसणे ही या उपक्रमातली सर्वांत महाग चूक आहे. व्यावसायिक ‘टूबी’, ‘रेकॉन’, ‘एजिंग’ असे शब्द श्वासासारखे वापरतो. समोरच्या तीस मुलांचे चेहरे कोरे झाले आहेत हे त्याला दिसत नाही, प्राध्यापकाला दिसते. अशा वेळी मध्येच थांबवून, ‘सर, जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारे इनपुट क्रेडिटचे विवरण, बरोबर?’ असे विचारणे हे त्याचे काम आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिकाने मराठीतच समजावावे असे आधी सांगून ठेवावे. कार्यालयात अशिलांशी तो तसेच बोलत असतो, व्यासपीठावर आला की उगाच इंग्रजीत शिरतो.

पहिल्या वर्गाच्या किमान दोन आठवडे आधी त्याला एक पानाचे टिपण द्यावे. त्यात मजकूर साधारण असा असावा: ‘या विद्यार्थ्यांना अंतिम लेखे आणि ताळमेळ पत्रक येते, जीएसटीची तोंडओळख आहे, विवरणपत्र मात्र त्यांनी कधी पाहिलेले नाही. तिसऱ्या वर्गाच्या शेवटी त्यांनी खरेदी नोंदवही आणि २बी यांची तुलना करून न जुळणारी पाच बिले शोधावीत आणि प्रत्येकाचे संभाव्य कारण लिहावे, अशी अपेक्षा आहे.’ विषय अमुक, तास तमुक, एवढेच कळवले की पाहुणा स्वतःच्या मनाने जीएसटीचा इतिहास सांगू लागतो, आणि १ जुलै २०१७ पर्यंत येताच तास संपतो.

गुण

ज्याला गुण नाहीत त्या वर्गाला विद्यार्थी येत नाहीत. यात नैतिक उपदेश करण्यासारखे काही नाही, त्यांना तीन बस बदलून यायचे असते. व्यावसायिकाच्या भागावर अंतर्गत मूल्यमापनातील ठरावीक गुण ठेवावेत आणि स्वायत्त महाविद्यालय असेल तर सत्रान्त परीक्षेतही एक प्रश्न ठेवावा. प्रश्न व्यावसायिकाने सुचवावा, त्याची भाषा आणि गुणविभागणी प्राध्यापकाने करावी. तपासणी मात्र एकट्या व्यावसायिकाकडे देऊ नये. सवय नसल्याने तो एक तर सगळ्यांना दहापैकी नऊ देतो, किंवा आपल्या कार्यालयातील आर्टिकलच्या कामाशी तुलना करून सगळ्यांना चार. पहिल्या पाच उत्तरपत्रिका दोघांनी एकत्र बसून तपासल्या की मोजमाप जुळते.

नेमणूक, परवानगी आणि मानधन

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केलेल्या तज्ज्ञाला औपचारिक शैक्षणिक पात्रतेची अट न लावता नेमता येते. अशी पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, आणि सुरुवातीची नेमणूक एक वर्षापर्यंतची असून एकूण कालावधी सामान्यतः तीन वर्षे व अपवादात्मक परिस्थितीत चार वर्षे असू शकतो. अध्यापनाच्या पेशात असलेल्या किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना हे पद नाही. विद्यापीठ विभागांना आणि मोठ्या स्वायत्त महाविद्यालयांना हा मार्ग चांगला आहे. आठ-दहा तासांसाठी मात्र त्याची गरज नाही, अतिथी अध्यापक म्हणून प्राचार्यांचे साधे पत्र पुरते. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला शैक्षणिक संस्थेत नियमित अर्धवेळ शिकवायचे असल्यास सनदी लेखापालांच्या संस्थेची (आयसीएआय) विशिष्ट परवानगी घ्यावी लागते. नोकरीतील व्यक्तीला मालकाची ना-हरकत लागते. ही कागदपत्रे आपण आधी मागितली तर त्याचाही संकोच वाचतो.

एक नाजूक बाब टाळता येणार नाही. महाराष्ट्रात लेखाशास्त्राचे कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापक घेतात आणि त्यांचे उत्पन्न मंजूर तासांवर अवलंबून असते. व्यावसायिकाचे आठ तास त्यांच्या कार्यभारातून कापले गेले, तर उपक्रम पहिल्याच वर्षी विभागात कटुता आणेल, आणि ती रास्त असेल. व्यावसायिकाच्या तासाला नियमित अध्यापकही हजर असतो, त्याचे काम वाढते, हे धरून त्याचा तास कार्यभारात कायम ठेवावा आणि व्यावसायिकाचे मानधन व्यवस्थापनाच्या निधीतून किंवा माजी विद्यार्थी संघाकडून द्यावे. प्राचार्यांशी हे आधी ठरले नसेल तर पुढचे काही सुरू करू नये.

मानधनाचा आकडा लहान असला तरी पत्रात लिहावा. बहुतेक व्यावसायिक पैशांसाठी येत नाहीत, पण अनिश्चितता त्यांना आवडत नाही. कर कापला असेल तर तो वेळेत भरून त्यांच्या पॅनवर दिसेल याची काळजी लेखा विभागाने घ्यावी. हिशेबाच्या शिक्षकाला बोलावून त्याच्याच मानधनाचा हिशेब चुकवणाऱ्या महाविद्यालयाकडे तो दुसऱ्यांदा फिरकणार नाही.

पहिले वर्ष संपल्यावर

विद्यार्थ्यांकडून ‘सत्र कसे वाटले’ असा अर्ज भरून घेण्यात वेळ घालवू नये. अर्ध्या पानाची उत्तरे हाताशी असतात, ती पहिल्या वर्गापासून शेवटच्या वर्गापर्यंत क्रमाने वाचावीत. विद्यार्थी कागदाला प्रश्न विचारू लागला की नाही हे तिथे दिसते. व्यावसायिकालाही विचारावे की, मुलांना काय येईल असे त्याला वाटले होते आणि काय आले नाही. ते उत्तर अभ्यासमंडळापुढे ठेवावे. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळावर उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी असतोच, तिथे या माणसाचा विचार करायला हरकत नाही. प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षणासाठी जागा शोधतानाही त्याच्यापासूनच सुरुवात करावी, कारण कोणता विद्यार्थी कोणत्या कार्यालयात टिकेल हे आता त्याला माहीत असते.

झाकलेल्या कागदपत्रांचा संच, टिपणे, प्रश्न आणि आदर्श उत्तरे एका फाइलमध्ये विभागाकडे ठेवावीत आणि ती पुढेही वापरण्याची व्यावसायिकाची लेखी संमती त्याच वेळी घ्यावी. तो बदलीवर गेला किंवा एखाद्या वर्षी त्याला जमले नाही, तर नियमित प्राध्यापकाने तो संच स्वतः शिकवून पाहावा. दर वर्षी जूनमध्ये कराचे दर, मुदती आणि विवरणपत्रांचे नमुने बदलले आहेत का हे त्या फाइलवर तारखेसह नोंदवावे, आणि व्यावसायिकाला जानेवारीच्या तारखा कळवणारे पत्र जुलै संपण्यापूर्वी पाठवावे, कारण सप्टेंबर उजाडला की तो फोनही उचलणार नाही.